सकाळचा चंद्र, पश्चिमेची चांदणी आणि ग्रहांची रांग : साताऱ्यातून नेमकं काय दिसतंय?

वेण्णाकाठ
१८ जानेवारी २०२५, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक निरोप फिरतोय. सगळे ग्रह एका रांगेत येणार, कुणी २१ तारीख सांगतं, कुणी २५. असा योग शेकडो वर्षांत एकदाच, आणि त्या रात्री गरोदर बायकांनी घराबाहेर पडू नये असंही खाली जोडलेलं. मी तो पुसणारच होते, तेवढ्यात मुलीनं वाचला. ती चौथीत आहे. तिनं विचारलं, "आई, २१ तारखेला येणार, मग आज ते कुठे आहेत?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणून आज आठ वाजता आम्ही दोघी गच्चीवर गेलो. यवतेश्वरच्या डोंगरावर एक फार तेजस्वी चांदणी होती आणि तिच्या डावीकडे अगदी जवळ एक फिकट. डोक्याकडे, जरा पूर्वेला, पिवळसर पांढरा मोठा ठिपका आणि त्याच्या शेजारी एक तांबूस तारा. जरंडेश्वराच्या बाजूला अजून एक लालसर काहीतरी वर आलेलं. यातले ग्रह कोणते आणि तारे कोणते?

दुसरा प्रश्नही तिचाच. आज शनिवारची सकाळची शाळा होती. जाताना पश्चिमेला चंद्र दिसला, चांगला मोठा, एका बाजूनं थोडा कमी झालेला. "रात्रीचा चंद्र सकाळी इथे काय करतो? आणि सूर्य समोर असताना त्याच्यावर पृथ्वीची सावली कशी पडते?" चंद्र कमी होतो तो पृथ्वीच्या सावलीमुळे, असं मीच तिला पूर्वी सांगितलं होतं. आता मलाच शंका आली. जाणकारांनी सांगावं.

कोयना_कृष्णा
१८ जानेवारी, रात्री १०:४५

ताई, तुम्ही दोघींनी चारही ग्रह बरोबर पाहिलेत. पश्चिमेची तेजस्वी ती शुक्राची चांदणी. तिच्या डावीकडचा फिकट तो शनी. सध्या दोघांत जेमतेम सव्वादोन अंशांचं अंतर आहे. डोक्याकडचा पिवळसर पांढरा तो गुरू, शेजारचा तांबूस तारा रोहिणी. रोहिणी हा तारा आहे, ग्रह नाही. थोडा वेळ टक लावून बघा, रोहिणी लुकलुकते आणि गुरू शांत असतो. जरंडेश्वराकडचा लालसर तो मंगळ. तो पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ आहे, तिघं मिळून जवळजवळ सरळ रेघ दिसेल. मंगळ १२ तारखेला पृथ्वीच्या सर्वात जवळ होता, साधारण ९.६ कोटी किलोमीटर. म्हणून इतका ठसठशीत दिसतोय.

आता रांगेबद्दल. मुलीचा प्रश्न त्या निरोपाचं पूर्ण उत्तर आहे. ग्रह आजही रांगेतच आहेत, महिन्यापूर्वीही होते. सूर्याभोवतीच्या सगळ्यांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत आहेत आणि आपणही त्याच पातळीत उभे राहून बघतो. त्यामुळे आकाशात एक ठरलेला रस्ता दिसतो, त्याला क्रांतिवृत्त म्हणतात. सूर्य, चंद्र आणि ग्रह त्या रस्त्यावरूनच चालतात. मेष ते मीन या बारा राशी म्हणजे त्या रस्त्यावरची गावं. यावेळी विशेष एवढंच की चार ग्रह संध्याकाळी एकदम वर आहेत. हे कमी वेळा घडतं, पण शेकडो वर्षं वाट बघावी लागत नाही. युरेनस आणि नेपच्यूनही त्याच रस्त्यावर आहेत, पण ते नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाहीत. आणि २१ तारखेला काहीही वेगळं होणार नाही. गरोदर बायकांनी खुशाल गच्चीवर जावं, फक्त शाल घ्यावी, थंडी आहे.

मेणवलीकर
१९ जानेवारी, सकाळी ७:५०

मी शाळेत भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे. चंद्राच्या प्रश्नावर लिहितो, कारण हा गैरसमज मी वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांतून खोडत आलोय.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असते. ती चंद्रावर पडायची तर चंद्र त्या दिशेला पाहिजे, म्हणजे पौर्णिमाच पाहिजे. तेव्हा जे होतं ते चंद्रग्रहण. दर पौर्णिमेला तेही होत नाही, कारण चंद्राची कक्षा त्या रस्त्याला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे आणि बहुतेक वेळा चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. अष्टमीचा अर्धा चंद्र तर सूर्यापासून ९० अंशांवर असतो. सावली तिथं पोचणार कशी?

चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो आणि अर्धा कायम अंधारात. आपण त्याच्याकडे कोणत्या बाजूनं बघतो त्यावर तो कसा दिसायचा ते ठरतं. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. ताई, तुमच्याकडे सकाळचा चंद्र आहे, ही संधी सोडू नका. येत्या दोन-तीन दिवसांत सकाळी ऊन आलं की गच्चीवर जा. एक लिंबू घ्या. हात लांब करून ते चंद्राच्या अगदी शेजारी धरा, पण लिंबावर ऊन पडायला हवं. मग दोन्हीकडे बघा. लिंबाचा जेवढा भाग उजळलेला दिसेल तेवढाच चंद्राचा, आणि त्याच बाजूनं. तोच सूर्य दोघांनाही उजळतो आणि तुम्ही दोघांकडेही एकाच दिशेनं बघता, म्हणून. पुढचं मुलीला बोलू द्या, आपण बोलू नये.

हरिपूरची_लेक
१९ जानेवारी, दुपारी २:१५

धागा वाचून राहवेना. परवा, १७ तारखेला, संकष्टी होती. आम्ही सांगलीत गच्चीवर चंद्राची वाट बघत उभे होतो. साडेनवाच्या आत-बाहेर पूर्वेला चंद्र वर आला आणि त्याच वेळी पश्चिमेला शुक्र अगदी खाली, मावळायच्या बेतात. ओवाळताना एका हाताला तो, दुसऱ्या हाताला हा. इतकी वर्षं संकष्टी करते, पण वळून पश्चिमेला पहिल्यांदाच बघितलं.

माझ्या सासूबाई घड्याळ न बघता सांगायच्या की आज चंद्र केव्हा उगवणार. त्यांचा हिशेब असा : वद्य पक्षात जी तिथी असेल तिच्या दुप्पट घटका सूर्यास्तानंतर मोजायच्या. चतुर्थी म्हणजे ८ घटका. घटका २४ मिनिटांची, म्हणजे ३ तास १२ मिनिटं. परवा सूर्य सव्वासहाच्या पुढे मावळला, त्यात हे मिळवा, साडेनऊच येतात. पण हा हिशेब बारा महिने जुळत नाही, हेही त्याच सांगायच्या. भाद्रपद-आश्विनात साडेआठच्या आसपासच दर्शन होतं आणि चैत्र-वैशाखात दहा वाजतात, पोरं पेंगायला लागतात. ते का होतं, कुणी सांगेल का?

मेणवलीकर
१९ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

सासूबाईंचा हिशेब अगदी शास्त्रशुद्ध आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराची १२ अंशांची एक पायरी. ३० पायऱ्या झाल्या की ३६० अंश पूर्ण, एक महिना पूर्ण. आकाश ६० घटकांत एक फेरी मारतं, म्हणजे एका घटकेत ६ अंश. १२ अंशांना २ घटका. म्हणून तिथीची दुप्पट. पंचांग वाचता येणं म्हणजे आकाश वाचता येणं, ते असं. आपण तिथीला उपासापुरती ठेवली, याचं मला वाईट वाटतं. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना चंद्र डोक्यावर असतो आणि मध्यरात्री मावळतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्री उगवतो आणि सकाळी डोक्यावर असतो. गोकुळाष्टमीला आपण रात्री बारा वाजता पाळणा हलवतो ना? श्रावण वद्य अष्टमी ती. त्याच सुमाराला पूर्वेला अर्धा चंद्र वर येत असतो. पावसाळ्यामुळे तो दिसत नाही, एवढंच.

आता आश्विन आणि चैत्र. चंद्र रोज आपल्या रस्त्यावर सुमारे १३ अंश पुढे सरकतो, म्हणून रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पण तो रस्ता पूर्वेच्या क्षितिजाला नेहमी सारख्या कोनात भिडत नाही. आश्विन पौर्णिमेच्या आसपास तो क्षितिजाशी तिरपा असतो. चंद्र पुढे सरकतो खरा, पण बराचसा बाजूला, उत्तरेकडे, आणि उशीर कमी होतो. चैत्र-वैशाखात तोच रस्ता क्षितिजाशी जवळजवळ उभा असतो. मग १३ अंश म्हणजे १३ अंश खालीच, आणि उशीर पुरा.

एक सूचना. कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ मुंबईची असेल तर सांगलीकरांनी साधारण पाच-सात मिनिटं आधी बघावं, कारण सांगली पूर्वेला आहे. साताऱ्यात मात्र उलटाच अनुभव येईल. छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते. ज्यांच्या पूर्वेला डोंगर आहे त्यांना चंद्र डोंगरावर यायची वाट बघावी लागते.

द्राक्षमळा_तासगाव
२० जानेवारी, पहाटे ४:४०

आमची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, म्हणून या वेळी जागा. मोटर चालू करून बांधावर बसून तुमचं सगळं वाचलं. मास्तर, लई बरं वाटलं.

आमचा आजा घड्याळ बांधत नव्हता. या दिवसात तिकांडं, म्हंजे मृगातल्या ओळीतल्या तीन चांदण्या, मावळतीला टेकलं की चार वाजले समजायचं, मोट बंद करायची आणि बैलं सोडायची. आत्ता तेच बघितलं, सव्वाचारला तिकांडं गेलं. पण आजा हेबी सांगायचा की हे घड्याळ पुढं पळतंय. महिन्यानं तेच तिकांडं दोनला मावळणार. रोजची चार मिनिटं, असं मी मोबाईलवर मोजून बघितलंय.

एक विचारायचं होतं. मी ही बाग २०१७ च्या जानेवारीत लावली. तवा खुंटाच्या रोपांना संध्याकाळी हातानं पाणी घालायचो आणि पश्चिमेला शुक्र असाच होता, एवढाच मोठा, एवढाच वर. मधल्या वर्षांत जानेवारीत बघितला तर कधी पहाटेला, कधी दिसायचाच नाही. आता आठ वर्षांनी परत तसाच. हा योगायोग का?

कोयना_कृष्णा
२० जानेवारी, सकाळी ९:०५

दादा, योगायोग नाही. तुम्ही डोळ्यांनी शुक्राचं मोठं चक्र पकडलंत. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपेक्षा लांब कधीच जात नाही. म्हणून तो मध्यरात्री डोक्यावर दिसत नाही, संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. एकदा संध्याकाळचा दिसला की पुन्हा तशीच स्थिती यायला सुमारे ५८४ दिवस लागतात. अशा पाच फेऱ्या म्हणजे २९२० दिवस, आणि ३६५ ला ८ नं गुणलं तरी २९२०. म्हणून आठ वर्षांनी त्याच तारखांच्या आसपास शुक्र त्याच जागी. २०१७ च्या जानेवारीतही तो सूर्यापासून सर्वात लांब गेला होता, यंदाही १० जानेवारीला गेला. २०३३ च्या जानेवारीत बांधावरून बघा, तसाच असेल.

कास_पठार
२० जानेवारी, रात्री ८:२०

मंगळ सध्या वक्री आहे असं टीव्हीवर सांगतायत. ग्रह उलटा कसा फिरतो? आणि त्यानं काही बिघडतं का?

कोयना_कृष्णा
२० जानेवारी, रात्री ९:१०

उलटा फिरत नाही, फिरल्यासारखा दिसतो. सध्या ऊसतोड चालू आहे, हायवेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. तुमची गाडी एका ट्रॉलीला ओलांडते तेव्हा लांबच्या डोंगराकडे नजर ठेवून ट्रॉली बघा. ती पुढेच चाललीय, पण डोंगराच्या तुलनेत मागे सरकते. पृथ्वी आतल्या रस्त्यावरून जोरात जाते, मंगळ बाहेरच्या रस्त्यावरून सावकाश. सुमारे ७८० दिवसांनी एकदा आपण त्याला ओलांडतो. यंदा ते १६ जानेवारीला झालं. त्याच्या आधी-नंतर काही आठवडे मंगळ ताऱ्यांच्या तुलनेत मागे जातो. बघायचं असेल तर पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपासूनचं त्याचं अंतर दर चार दिवसांनी कागदावर काढा. २४ फेब्रुवारीच्या सुमाराला तो थांबेल आणि पुन्हा पुढे चालू लागेल. बिघडत काही नाही.

मेणवलीकर
२१ जानेवारी, सकाळी ८:३०

फळ-भविष्य बाजूला ठेवू, पण ग्रहांच्या चालीशी आपल्या भागाचं जुनं नातं आहे ते सांगायलाच हवं. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण वर्षभर. तो सिंहेत आला की नाशिकला गोदावरीचा सिंहस्थ. पुढच्या राशीत, कन्येत गेला की आपल्या कृष्णेचं कन्यागत. वाईच्या घाटांवर आणि नृसिंहवाडीला तेव्हा माणसांचा पूर असतो. २०१६ मध्ये झालं, आता २०२८ मध्ये. आज गुरू वृषभेत, रोहिणीजवळ आहे. मिथुन, कर्क, सिंह ओलांडून तो कन्येत येईल. वेण्णाकाठच्या ताई, तुमची मुलगी आज चौथीत आहे. दर हिवाळ्यात-उन्हाळ्यात तिनं गुरू कुठल्या ताऱ्यांपाशी आहे ते टिपून ठेवलं, तर कन्यागत येताना तिला कॅलेंडरनं सांगायची गरज पडणार नाही.

आणि १३ तारखेच्या पौर्णिमेला मध्यरात्री कुणी वर बघितलं का? पौषातली पुनव ही वर्षातल्या उंच पुनवांपैकी एक. सूर्य दक्षिणेला असतो म्हणून त्याच्या समोरचा चंद्र उत्तरेला जातो. यंदा आणखी एक गोष्ट. चंद्राच्या कक्षेचा तो ५ अंशांचा कल १८.६ वर्षांत एक फेरा घेतो आणि सध्या चंद्र सर्वात जास्त उत्तरेला जायचे दिवस आहेत. सातारा १७.७ उत्तर अक्षांशावर. त्यामुळे तो डोक्यावर थांबला नाही, डोक्याच्या पलीकडे, उत्तरेला गेला. मी अंगणात नेहमीसारखा दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो तेव्हा तो माझ्या पाठीशी होता.

वेण्णाकाठ
२२ जानेवारी, सकाळी ८:४०

सर, आत्ता केलं. चंद्र बरोबर अर्धा होता, नैर्ऋत्येला बराच वर. लिंबू आणायला गेले तर घरात संपलेलं, म्हणून पेरू घेतला. तिनं हात वर करून पेरू चंद्राशेजारी धरला. पूर्वेकडून कोवळं ऊन. पेरूची डावी-उजवी बाजू बघितली, चंद्राची बघितली, पुन्हा पेरू. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, चंद्र पेरूसारखाच आहे. कुणी कापला नाही. त्याच्यामागे उरलेला पण आहे."

मग तिनं पेरू सूर्याच्या बाजूला नेत नेत बारीक कोर करून दाखवली आणि पाठमोरं होऊन उजेड पूर्ण पडला तेव्हा म्हणाली, "ही पुनव." रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत होते. त्यांनाही पेरू धरायला लावला. एरवी ते दोन मिनिटं थांबत नाहीत.

हरिपूरची_लेक
२२ जानेवारी, दुपारी १:००

वाचून डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळी माझ्या नातवाला घेऊन आयर्विन पुलावर जाते. तिथून आकाश मोकळं आहे.

कोयना_कृष्णा
३० जानेवारी, रात्री ८:००

काल अवस झाली. आता पुढचे दहा दिवस मुलांसाठी सोन्यासारखे. चंद्र त्याच रस्त्यावरून जाताना एकेका ग्रहाच्या दारात थांबेल. उद्या ३१ ला कोर शनीच्या खाली असेल. १ फेब्रुवारीला, गणेश जयंतीच्या संध्याकाळी, चंद्र शुक्राच्या शेजारी. ६-७ तारखेला गुरू आणि रोहिणीपाशी. ९ ला मंगळापाशी. अंतर मोजायला हात पुरतो. हात लांब करून मूठ धरली की १० अंश, मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. चंद्र स्वतः अर्धाच अंश, करंगळीआड दोन मावतात. उगवताना तो थाळीएवढा वाटतो तेव्हा करंगळी धरून बघा, तेवढाच भरतो.

द्राक्षमळा_तासगाव
१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

बागेतनं लिहितोय. बाया माल काढून नुकत्याच घरी निघाल्या, त्यांनाबी थांबवून दाखवलं. कोर आणि शुक्र, मधे तीन बोटं. खाली शनी बारीक. कोरीच्या पोटात उरलेला चंद्रपण राखेसारखा दिसतोय. त्या काळ्या भागावर उजेड कुठनं आला?

मेणवलीकर
१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:५५

पृथ्वीवरून. आपल्या ढगांवर, समुद्रावर पडलेलं ऊन परत फिरून चंद्राच्या अंधाऱ्या भागावर पडतं. आपल्याला कोर दिसते तेव्हा चंद्रावरून आपली पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसते. आपल्याकडे पुनवेचं चांदणं पडतं तसं तिकडे पृथ्वीचं.

वेण्णाकाठ
१ मार्च, रात्री ८:१५

महिन्यानं धागा वर काढते. आज फाल्गुनातली बीज. आम्ही साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकापाशी गेलो होतो. शेजारच्या तीन मुली बरोबर होत्या. सूर्य गेल्यावर अर्ध्या तासानं खाली कोर दिसली, अगदी आडवी, पाण्यावर ठेवलेल्या होडीसारखी. सप्टेंबरात ती तिरपी असते, हे मुलीनं तिच्या वहीत सरांच्या तिरप्या-उभ्या रस्त्यावरून स्वतः काढलं होतं. आता सप्टेंबरात पाऊस उघडला की ताडून बघणार आहे.

कोयना_कृष्णा दादा कराडहून मुद्दाम आपली १० बाय ५० दुर्बीण घेऊन आले होते. त्यांनी ती कठड्यावर टेकवली आणि शुक्रावर लावली. मुलगी बराच वेळ डोळा काढेना. मग म्हणाली, "शुक्राची पण कोर आहे. ती पण आडवी."

कोयना_कृष्णा
१ मार्च, रात्री ९:३०

शुक्र आता पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे येत चाललाय, म्हणून त्याची उजेडाची बाजू आपल्यापासून वळलीय. कोर बारीक होतेय, पण तो जवळ येत असल्यानं आकार मोठा होतोय. १६१० मध्ये गॅलिलिओनं या कला बघितल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्याला त्यातून कळलं. तिला मी हे सांगितलं नव्हतं. तिनं दुर्बिणीतून डोळा काढला, बॅगेतून पेरू काढला, मावळतीकडे धरला आणि विचारलं, "दादा, मग शुक्र सूर्याच्या अलीकडे आहे ना आत्ता?"

२३ मार्चला तो सूर्याजवळून जाईल, तेव्हा काही दिवस दिसणार नाही. नंतर पहाटे पूर्वेला. तासगावच्या दादांची लाईट तेव्हा रात्रीची असेल तर पहिला तेच कळवतील.